गोठवलेले श्रीखंड आणि साखरेचे काम



एप्रिल-मे महिन्यांत आपल्या सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर जातो. सकाळचे दही दुपारपर्यंत आंबून जाते, आणि पोरंसोरं गोळेवाल्याच्या घंटेकडे कान लावून बसतात. त्या बर्फाचे पाणी कुठले, हे आपल्याला ठाऊक नसते. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ साली झाला, तो उगाच नव्हे. त्यापेक्षा घरचे दूध आणि आपल्याच उसाची साखर वापरून थंड पदार्थ करता येतो.

वारणानगरला साखर कारखान्याच्या जोडीने तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये दूध संघ उभा राहिला. त्याचे श्रीखंड आज सगळ्यांना माहीत आहे. तेच श्रीखंड गोठवायचे, एवढीच आपली कृती.

पण पुष्कळ घरी ते दगडासारखे होते. त्याचे कारण पाणी. नुसते दही गोठवले की त्यातल्या पाण्याचे खडे होतात, म्हणून आधी चक्का बांधायचा. तरीही चक्क्यात पाणी राहतेच. तिथे साखर कामाला येते. साखर विरघळलेले पाणी शून्य अंशाला गोठत नाही, आणखी तीन-चार अंश खाली गेल्यावर गोठू लागते. जसजसा बर्फ धरतो तसतसा उरलेला पाक घट्ट होतो, आणि त्यातला काही भाग गोठतच नाही. म्हणून चमचा आत जातो. काटकसर म्हणून साखर निम्म्यावर आणली, तर चव जाते आणि चमचाही वाकतो. शिवाय गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, तेव्हा कालवताना किंचित जास्त गोड वाटले तरी घाबरू नये.

आपल्या पंढरपुरी म्हशीचे दोन लिटर दूध तापवून कोमट करा व विरजण लावा. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागते. लागले की लगेच पंचात बांधून सावलीत, माठाजवळ टांगा. रात्रभर टांगून ठेवाल तर आंबेल, चार-पाच तास पुरे. निथळलेले पाणी फेकू नका, कणीक मळायला चालते. चक्का पाऊण किलोच्या आसपास निघेल. त्याच्या निम्मी साखर घालून तासभर झाकून ठेवा, मग पुरणयंत्रातून काढा. वेलदोडा, जायफळ आवडीप्रमाणे. आमरस घालायचा तर आधी आटवून गार करून घाला, नाहीतर पुन्हा पाणी वाढते.

पसरट डब्यात भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. पाऊण-पाऊण तासाने दोन-तीनदा चमच्याने कडेचे मधे घेऊन ढवळा, म्हणजे खडे मोडतात. फ्रीज नसेल तर तीन भाग फोडलेला बर्फ व एक भाग खडेमीठ बादलीत घालून त्यात घट्ट झाकणाचा डबा फिरवत राहा. मिठाने बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. मात्र बादलीतले पाणी डब्यात जाता कामा नये, तो बर्फ पोटात जाण्यासाठी नव्हे.

ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्यासाठी बिनसाखरेचे वेगळे गोठवण्याची खटपट करू नका, त्यांना ताजे ताक बरे. लाईट गेली आणि सगळे वितळले, तर पुन्हा गोठवत बसू नका. पुन्हा गोठले की रवाळ होते, आणि फार वेळ बाहेर राहिले तर आंबतेही. तसेच वाट्यांत वाढून संपवा, पोळीबरोबर चांगले लागते.