चौकोनांचे झाड

मी इयत्ता चौथीत शिकते. आमच्या दारात मोठा कडुलिंब होता. गेल्या उन्हाळ्यात वळवाच्या वादळात तो पडला. आजीला फार वाईट वाटले. म्हणून मी तिच्यासाठी त्याचे चित्र काढायचे ठरवले.

गुरुजींनी आम्हांला मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून दाखवला. थेंबातून लाल, हिरवे व निळे ठिपके दिसले. अशा ठिपक्यांच्या गटाला पिक्सेल म्हणतात. पडद्यावरचे सगळे चित्र पिक्सेलचे बनते. मोठे चौकोन एकेक भरून काढलेल्या चित्राला पिक्सेल आर्ट म्हणतात. ते आपल्याला गणिताच्या वहीतही जमते. आजी दोसुतीवर फुलीच्या टाक्याने मोर भरते, तेही असेच मोजून असते.

साहित्य : चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, रंगीत पेन्सिली.

कृती :
१. आडवे १६ व उभे १६ चौकोन मोजून घ्या. १६ × १६ = २५६ चौकोन होतात.
२. खाली मधोमध खोड काढा. वर २ चौकोन रुंद, बुंध्याशी ४ चौकोन रुंद.
३. एकेक पान काढू नका. पानांचे ४-५ झुबके काढा. झुबक्यांमध्ये २-३ चौकोन कोरे ठेवा. तिथून आभाळ दिसते.
४. हिरवे रंग तीनच घ्या : पोपटी, हिरवा व गडद हिरवा. पोपटी नसेल तर हिरव्यावर पिवळा फिरवा. गडद हवा असेल तर हिरव्यावर थोडा निळा फिरवा.

माझ्या चुका : पहिल्यांदा मी सगळे झाड एकाच हिरव्या रंगाने भरले. आजी म्हणाली, "हा तर भोपळा झाला गं!" मग मी कडेने सगळीकडे गडद आणि मध्ये पोपटी रंग दिला. आजी म्हणाली, "आता उशी झाली." मला लई राग आला. मी वही मिटून ठेवली.

तेव्हा आजीने विचारले, "हे झाड सकाळचं का दुपारचं?" मला काही सांगता येईना. आजी म्हणाली, "सकाळी ऊन उगवतीकडनं यायचं, तवा मी बाज मावळतीच्या अंगाला टाकायची. दुपार कलली की बाज इकडं ओढायची. ऊन कुठनं येतंय ते आधी ठरव."

मी सकाळ ठरवली. चित्रात उगवत डावीकडे धरली. मग प्रत्येक झुबक्याच्या डाव्या-वरच्या चौकोनांत पोपटी, मध्ये हिरवा आणि उजव्या-खालच्या चौकोनांत गडद हिरवा भरला. खोडाची डावी बाजू फिकट तपकिरी व उजवी गडद केली. खाली उजवीकडे जमिनीवर सावलीचे ७ चौकोन भरले. झाड एकदम गोल दिसू लागले!

लक्षात ठेवा : आधी ऊन ठरवा, मग रंग उचला. सगळ्या झुबक्यांवर ऊन एकाच बाजूने पाडा. कडेला सुटी पाने म्हणून २-४ चौकोनच भरा, जास्त भरले तर मुंग्या दिसतात.

चित्र आजीला दाखवले. तिने चष्मा लावून पाहिले. सावलीच्या चौकोनांवर बोट ठेवून ती म्हणाली, "हितंच माझी बाज असायची."

मुलांनो, तुमच्या दारातले झाड आजच काढून बघा.