पिशवी काढण्याआधी

लिंबागणेश

चि. सौ. बाळीस,


गर्भपिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल, असं डॉक्टर म्हणाले आणि ऑपरेशनसाठी मुकादम जादा उचल द्यायला तयार आहे, हे कळलं. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघायच्या आत उरकून घेते म्हणतेस. बाई, हे उरकायचं काम नाही.

ओटीपोट दुखलं म्हणजे पिशवीच बिघडली, असं नसतं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतेस, दिवसभर वाकतेस, फडात आडोसा नाही म्हणून लघवी दाबून धरतेस. कंबर, माकडहाडाजवळचा सांधा, खुबा, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, सगळं आवळून जातं आणि कळ मात्र पिशवीच्या जागी येते. सोनोग्राफीत हे सहसा दिसत नाही.

आज रात्री एक करून बघ. उताणी झोप, दुखतं तिथे बोट दाबून ठेव आणि डोकं व खांदे थोडे वर उचल. दुखणं वाढलं, तर ते बहुधा पोटाच्या स्नायूंचं असतं. नाही वाढलं, तरी पिशवी काढायचं कारण मिळालं असं समजू नकोस. अंगावरून पांढरं जात असेल, तर तेही बहुतेक वेळा गोळ्यांनी थांबतं.

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. असल्याच प्रकारांमुळे इथल्या खाजगी दवाखान्यांना या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. तुझ्यासाठी ती परवानगी कुणी मागितली का? तुझ्या सासूबाईंचंच बघ, पिशवी गेली पण कंबर अजून धरते. सोबत अंडाशय गेलं तर पाळी अकाली जाते, हाडं ठिसूळ होतात, आणि कोयता काही सुटत नाही.

काही वेळा ऑपरेशन लागतंच, ते मी नाकारत नाही. पाळी नसताना किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त गेलं, ताप आला, घाण वास आला, तर दवाखान्यात जायला एक दिवसही थांबू नकोस.

एरवी सोमवारी बीडला जिल्हा रुग्णालयात ये. मी स्टँडवर थांबते. सोनोग्राफीचे कागद आण. दुखणं पाळीत वाढतं की चढताना, हे डॉक्टरांना नीट सांग. मोळ्या उचलतेस हेही सांग. ते आपणहून विचारतीलच असं नाही. कंबर आणि खुबा तपासायला लावू, फिजिओथेरपीचंही विचारू. तोवर मुकादमाकडून एक रुपया घेऊ नकोस.

तुझी आत्या