बुटांची निवड

सोयाबीन विकल्यावर वडिलांनी बुटांसाठी पैसे दिले. हिंगोलीच्या दुकानात दोन जोड समोर ठेवून मी बराच वेळ बसलो. एक धावण्याचा, एक टेनिसचा. धावताना पाऊल सरळ पुढेच पडते, म्हणून त्या बुटाची टाच उंच व मऊ असते. टेनिसमध्ये खेळाडू क्षणोक्षणी डावीउजवीकडे वळतो; म्हणून तळ सपाट, रुंद आणि बाजू घट्ट. आमच्या गावी टेनिस कोण खेळतो? पण खो-खोत खांबाला वळसा घालताना पायावर तोच ताण येतो. गतवर्षी तेथेच, भावाच्या धावण्याच्या बुटांत, माझा घोटा मुरगळला होता. शेवटी टेनिसचाच जोड घेतला, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून. काळ्या मातीचा चिखल झाला की मात्र दोन्ही सारखेच. तेव्हा अनवाणीच बरे.