रीमॅप करण्याआधी

चि. सायली,


‘स्टेज १ रीमॅप केला, म्हणजे नुसतं इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली, तर वॉरंटी जाते का?’ या तुझ्या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हटलं तर तुझी फसगत होईल, म्हणून सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी डीलरकडे वॉरंटीच्या टेबलावर झाली. या बाबतीत तुला कुणी अर्धवट सांगितलेलं मला चालणार नाही.

आधी दिलासा देतो. रीमॅप केला म्हणून गाडीची सगळीच वॉरंटी पुसली जाते, असं नाही. काच वर-खाली करणारी मोटर बिघडली, टचस्क्रीन बंद पडला, तर त्याचा इंजिनच्या प्रोग्रॅमशी काय संबंध? असा क्लेम नाकारला गेला तर तू जिल्हा ग्राहक आयोगात भांडू शकतेस. वॉरंटीच्या पुस्तिकेत ‘यास वॉरंटी लागू नाही’ असा भाग असतो, तो मात्र शब्दन् शब्द वाच.

अडचण वेगळीच आहे. रीमॅपचा ज्यांच्याशी थेट संबंध येतो, तेच गाडीतले सगळ्यात महागडे भाग आहेत: टर्बो, पिस्टन, क्लच, गिअरबॉक्स. तुझी फोक्सवॅगन व्हर्टस १.५ टीएसआय डीएसजी आहे. इंजिन १५० पीएसचं, टॉर्क २५० न्यूटन मीटर. आता गिअरबॉक्स बघ. तो डीक्यू२००, सात गिअरचा, दोन कोरड्या क्लचचा. फोक्सवॅगनने तो बनवलाच आहे २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी. म्हणजे चाकणच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हाच ही मर्यादा गाठलेली असते. स्टेज १ करणारे टर्बोचा बूस्ट वाढवतात आणि टॉर्क तीनशेच्या आसपास नेल्याचं सांगतात. हा वरचा सगळा भार त्या दोन कोरड्या क्लचवर पडणार. त्यांना थंड ठेवायला तेल नसतं, त्यामुळे घाटातल्या चढावर, रांगेत सरकत सरकत जाताना ते आधीच तापलेले असतात. क्लच घसरायला लागले, की सर्व्हिस अॅडव्हायझर पहिला प्रश्न रीमॅपचाच विचारील, आणि त्याचं चुकत नाही.

ट्यूनर म्हणतो, कंपनीने दाबून ठेवलेली ताकद आम्ही मोकळी करतो. ती ताकद कंपनीने विनाकारण दाबलेली नसते. विदर्भातला मे महिना, आडरस्त्याच्या पंपावरचं हलकं पेट्रोल, उशिरा बदललेलं ऑइल, भरलेली गाडी आणि वर एसी, हे सगळं इंजिनला वर्षानुवर्षं सोसता यावं म्हणून तेवढी जागा राखलेली असते. ती वापरून टाकली, की पुढच्या झिजेची जबाबदारी कंपनी का घेईल?

तुझा मित्र म्हणतो, ‘सर्व्हिसला नेताना जुनी फाइल परत टाकायची, कुणाला कळत नाही.’ कळतं, बाळा. डीलरचा स्कॅनर कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असतो आणि ईसीयूतल्या, म्हणजे इंजिनच्या संगणकातल्या, सॉफ्टवेअरची जुळणी तिथे होते. बऱ्याच ईसीयूंमध्ये आत किती वेळा लिहिलं गेलं त्याचा आकडा राहतो, मूळ फाइल परत टाकली तरी तो मागे फिरत नाही. अमेरिकेत फोक्सवॅगन-ऑडीच्या अशा गाड्यांच्या नोंदीवर ‘टीडी१’ असा शेरा बसतो. सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसवायचा ट्यूनिंग बॉक्स काढून ठेवला, तर ईसीयूत लिहिल्याची खूण उरत नाही हे खरं. पण जळालेलं क्लच लायनिंग आणि वितळलेली पिस्टनची कड लपवता येत नाही. क्लेममधले जुने भाग कंपनी तपासायला मागवून घेते.

यात मला आणखी एक गोष्ट फार टोचते. क्लेम खोटा निघाला तर कंपनी ती रक्कम डीलरकडून वसूल करते आणि जॉब कार्डवर सही करणाऱ्या पोराला जाब द्यावा लागतो. तुझ्या खोट्याचा भुर्दंड त्याने भरावा, हे तुला शोभणार नाही.

ट्यूनिंगच्या व्हिडिओंमध्ये ज्या कायद्याचा आधार देतात, तो १९७५ चा अमेरिकेचा मॅग्नुसन-मॉस कायदा. बाहेरचा पार्ट लावला एवढ्या कारणावरून तिथे वॉरंटी नाकारता येत नाही. पण त्या पार्टमुळेच बिघाड झाला असेल, तर तिथेही ग्राहकाला संरक्षण नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. विमा कंपनीपासून बदल लपवलास आणि अपघात झाला, तर तिथेही क्लेम अडतो. वॉरंटीच्या वादात लोक विम्याची गोष्ट विसरतात. तू विसरू नकोस.

वेगाची हौस मला कळते आणि तिच्याबद्दल तुला रागावणार नाही. पण ट्यूनरकडे जाशीलच तर पहिला प्रश्न हा विचार: ‘क्लच गेला तर पैसे कोण देणार? लेखी द्याल?’ जर्मनीत एबीटीसारखे मोठे ट्यूनर आपल्या कामाबरोबर स्वतःची वॉरंटी देतात. तुझ्याकडचा माणूस नुसतं ‘काही होत नाही मॅडम’ म्हणत असेल, तर चहा पिऊन निघून ये.

तुझ्या गाडीची वॉरंटी अजून शिल्लक आहे आणि कर्जाचे हप्तेही चालू आहेत. वॉरंटी संपू दे. नंतर क्लचचा पूर्ण संच आणि टर्बो यांचा खर्च बाजूला काढता आला तर बघू, आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारायला मी स्वतः तुझ्याबरोबर येईन. तोवर ओबीडी पोर्टला कुणाचाही लॅपटॉप लावू देऊ नकोस, एवढं माझं ऐक.

तुझा,
मामा