पायाआधी गोणी बघ

पोरी, डुकरांच्या शेडच्या दारात चुना मारलास, पाय बुडवायला औषधाचं पाणी ठेवलंस, गमबूट आणलेस. छान केलंस. पण हमाल पाय बुडवून आत येतो आणि त्याच्या खांद्यावरची खाद्याची गोणी तशीच आत जाते, तिचं काय?

हॉटेलचं खरकटं स्वस्त पडतं, मला ठाऊक आहे. मामाला विचारशील तर आणूच नकोस. आणायचंच झालं तर खदखदा उकळी फुटल्यावर पुरता अर्धा तास, तळापासून ढवळत शिजव. मोठ्या पातेल्यात कडेला बुडबुडे दिसतात तेव्हा मधला भाताचा गोळा कोमटच असतो. कच्च्याची बादली वेगळी, शिजल्याची वेगळी, आणि कच्चं हाताळणाऱ्याने कपडे बदलल्याशिवाय शेडात पाऊल टाकायचं नाही. ज्यात सॉसेज, हॅम, डुकराचं मांस असेल ते खरकटं दारातूनच परत पाठव. खारवून किंवा धुरी देऊन आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू मरेलच असं नाही. २००७ साली हा रोग जॉर्जियात पोती बंदराच्या बाजूने शिरला, तो जहाजांवरच्या उष्ट्यातून, असं मानतात. २०१८ मध्ये तो चीनमध्ये होता, २०२० मध्ये आपल्या आसामात. ब्रिटनमध्ये २००१ च्या लाळ्या-खुरकुताचा माग काढत गेले तर न उकळलेलं खरकटं घालणारा एक वराहपालक सापडला. त्याच वर्षी तिथे खरकटं घालण्यावरच बंदी आली.

कोरडं खाद्य निर्धोक असतं, हा समजही सोडून दे. अमेरिकेत २०१३ मध्ये पिल्लांच्या हगवणीचा पीईडी विषाणू पसरला. तेव्हा स्कॉट डी या पशुवैद्याच्या चमूने रोग आलेल्या फार्मांवर खाद्याच्या टाक्यांच्या आत रंगाचे रोलर फिरवले, चिकटलेला भुगा खाद्यात मिसळून निरोगी पिल्लांना घातला, आणि ती आजारी पडली. काय डोकं चालवलं बघ! त्यांनीच पुढे समुद्रप्रवासातलं तापमान आणि दमटपणा प्रयोगशाळेत उभा केला. युरोप ते अमेरिका अशा ३० दिवसांच्या त्या नकली प्रवासानंतरही आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू सोयापेंडीत जिवंत निघाला.

तेव्हा पेंड एकाच ओळखीच्या व्यापाऱ्याकडून घे, ती कुठून आली ते विचार, आणि दुसऱ्या डुक्करपालकाकडच्या रिकाम्या गोण्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नकोस. आलेला माल लगेच फोडू नकोस, शेडपासून लांब कोरड्या खोलीत जितके आठवडे जमेल तितके राहू दे. उन्हाळ्यात विषाणू लवकर मरतो, थंडीत रेंगाळतो, म्हणून हिवाळ्यात जास्त थांब. पाण्याकडेही लक्ष असू दे. कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगात आफ्रिकन स्वाइन फीवरची लागण व्हायला पाण्यासारख्या पातळ पदार्थातून अगदी थोडा विषाणू पुरला, खाद्यातून बराच जास्त लागला, पण तेच खाद्य पुन्हा पुन्हा पोटात गेलं की धोका चढत जातो.

डुकरांना क्लासिकल स्वाइन फीवरची लस टोचून घे, पण तिच्या भरवशावर राहू नकोस. आफ्रिकन तापाला ती चालत नाही. डुकरांनी खाणं टाकलं, ताप चढला, कान लाल-जांभळे झाले तर एकही जनावर विकू नकोस, पशुधन विकास अधिकाऱ्याला त्याच दिवशी फोन कर. आणि त्या वेळी चालू असलेल्या खाद्याची उरलेली गोणी फेकू नकोस, तोंड बांधून बाजूला ठेव. तपासायला नमुना लागतो.