बुडालेली युद्धनौका : सागरी जीवांचे नवे घर

कोल्हापूर जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि करूळचा घाट उतरून मालवणकडे जाणाऱ्या शालेय सहली येथून नेहमी निघतात. त्या सागराच्या तळाशी आकारास येऊ घातलेल्या एका योजनेचा परिचय शिक्षक व पंचायत सदस्यांना उपयुक्त ठरेल.

रणगाडे व सैनिक थेट किनाऱ्यावर उतरविणारी ‘गुलदार’ ही नौका १९८५ मध्ये पोलंडमध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. श्रीलंकेतील शांतिसेनेच्या कामगिरीतही तिचा सहभाग होता. जानेवारी २०२४ मध्ये ती निवृत्त झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपविण्यात आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीच्या खडकांनजीक तिला जलसमाधी देऊन सागरतळी संग्रहालय निर्माण करावे, अशी ही योजना आहे.

पोलादावर जीवसृष्टी कशी वसते?

वाळूच्या तळावर अनेक जलचरांना चिकटण्यास आधार मिळत नाही. नौका तो आधार पुरविते. प्रथम सूक्ष्म जीवाणू व शेवाळ यांचा थर जमतो. त्यावर कालवे, स्पंज आणि पुढे प्रवाळ वाढते. आडोशासाठी लहान मासे येतात व त्यांच्यामागे मोठे. या क्रियेस अनेक वर्षे लागतात.

युद्धातील एका नौकेचा धडा

‘थिसलगॉर्म’ ही ब्रिटिश मालवाहू नौका ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात तांबड्या समुद्रात बुडाली. नऊ जणांना प्राण गमवावे लागले. सुमारे ३० मीटर खोलीवरील तिच्या कोठारांत मालमोटारी व मोटारसायकली आजही दिसतात. भोवती माशांचे थवे फिरतात. परंतु पर्यटकांच्या होड्या थेट तिलाच दोर बांधू लागल्याने तिचे भाग मोडले. काही पाणबुड्यांनी आठवण म्हणून वस्तूही पळविल्या.

घ्यावयाची दक्षता

नौका बुडविण्यापूर्वी तिच्यातील तेल व विषारी द्रव्ये काढून टाकणे अगत्याचे असते. होड्यांसाठी स्वतंत्र बोये हवेत. नांगर टाकण्यास मनाई हवी. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. म्हणून प्रशिक्षित मार्गदर्शकासह उतरावे व सावकाश वर यावे. बुडालेल्या नौकेत जाळी अडकून फाटतात. यास्तव जागेची स्पष्ट आखणी करावी व स्थानिक मच्छीमारांना विश्वासात घ्यावे.

ज्यांची उपजीविका या पाण्यावर आहे, त्यांना लाभाचा वाटा मिळाला तरच ही नवी वसाहत सुरक्षित राहील.