कामावरची धुसफूस आणि आपली प्रकृती

दवाखान्यात काही रुग्ण असे येतात, की त्यांच्या सर्व तपासण्या ठीक निघतात, पण तक्रार संपत नाही. डोके जड, छातीत जळजळ, पहाटे तीनला जाग, रविवार संध्याकाळपासून पोटात गोळा. विचारपूस केली की कारण कळते. कामावर साहेब एक सांगतात, हेडक्लार्क दुसरेच. सहकाऱ्यांत दोन तट पडलेले आणि बोलणी मात्र यांना.

शरीरात काय घडते?

भांडणाच्या वेळी अॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. प्रसंग संपला की सारे पूर्ववत होते. पण प्रसंग रोजचाच झाला, तर झोप, पचन व हृदय यांवर ताण पडतो. लंडनमधील सरकारी नोकरांची पाहणी 1967 पासून अनेक वर्षे चालली. ज्यांच्या हाती आपल्या कामाचे निर्णय कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला.

गिरणगावचा धडा

परळ-लालबागच्या गिरण्यांत एके काळी भरती व रजा जॉबरच्या मर्जीवर असे. बदली कामगार भोंग्याबरोबर दारात उभा राही. आज काम मिळेल की नाही, हे त्याला ठाऊक नसे. पुढे 1946 च्या कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला. बहुसंख्य कामगारांचा विश्वास मात्र तिच्यावर उरला नाही. ते पेशाने डॉक्टर असलेल्या दत्ता सामंतांकडे गेले. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. ज्याला बोलण्याचा हक्क त्याच्यावर विश्वास नाही, आणि ज्याच्यावर विश्वास त्याला हक्क नाही, अशी कोंडी झाली. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारोंची नोकरी गेली. अनेक घरांत कर्ज, चिंता व व्यसन शिरले.

आपले कार्यालय लहान असेल, पण नियम तोच. तक्रारीला दार नसेल तर ती शरीरात शिरते.

काय करावे?

1. प्रमुखाने कोणाचे काम कोणते, हे लिहून द्यावे. हुकूम एकाच तोंडून यावा.
2. चूक एकांतात सांगावी, कौतुक चारचौघांत करावे.
3. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे सर्वांचे ऐकून घ्यावे. बोलणाऱ्यावर डूख धरू नये.
4. नोकरदाराने तक्रार तारखेसह लेखी द्यावी. डबा खाताना तोच विषय चघळू नये.
5. तंबाखू, दारू व वारंवार चहा हे ताणावरचे औषध नव्हे. रोज अर्धा तास चालावे, रक्तदाब तपासून घ्यावा.

छातीत दाब, घाम किंवा डावा हात दुखू लागल्यास ‘टेन्शन’ म्हणून बसू नका, त्वरित रुग्णालय गाठा. दोन आठवडे उदास वाटत असल्यास डॉक्टरांना सांगा. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला, तर एक दिवसही थांबू नका. ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

औषध आम्ही देऊ; पण साहेबांनी कान दिला, तर पुष्कळदा त्याची गरजच पडणार नाही.